उलाळ

आमच्या छोट्या कॅम्पिंग ट्रेलरच्या दाराच्या आतल्या बाजूला एक पिवळं स्टिकर आहे. त्यावर लिहिलंय की आत भरलेल्या सामानाचं वजन ७२० पौंडांच्या वर कधीही जाता कामा नये. खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ आहे : टाकी पूर्ण भरली तर पाण्याचंच वजन १६६ पौंड होतं, आणि तेही सामानातच धरायचं. ट्रेलर घेतल्यापासून दोन उन्हाळे मी त्या दारातून शेकडो वेळा आत-बाहेर केलं असेल. स्टिकर दिसत होतं. वाचलं नव्हतं.

अमेरिकेत राहून स्टिकरं न वाचायची सवय लागते. इथं कॉफीच्या कपावर 'आतली कॉफी गरम आहे' असं लिहिलेलं असतं. शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर 'ही पायरी नाही' असं लिहिलेलं असतं. या सगळ्या सूचना वकिलांनी वकिलांसाठी लिहिल्यात असं आपण धरून चालतो. मीही तेच धरलं होतं.

ट्रेलर आम्ही सेकंडहँड घेतला, फोर्ट कॉलिन्समधल्याच एका म्हाताऱ्या जोडप्याकडून. चौदा फुटी, एकच आस, दोन चाकं. आत एक मोठा पलंग, जेवणाचं टेबल दुमडून होणारा दुसरा पलंग, दोन शेगड्या, एक बुटका फ्रिज. रिकाम्याचं वजन २,२८० पौंड आणि सगळं भरून जास्तीत जास्त ३,००० पौंड. हे आकडे मी घेताना विचारले होते, पण फक्त आपली गाडी हा ओढेल का एवढ्याचसाठी. गाडी ३,५०० पौंड ओढू शकते. ३,५०० हे ३,००० पेक्षा जास्त. विषय संपला.

म्हाताऱ्यानं ट्रेलर देताना एकच गोष्ट दोनदा सांगितली होती. ''आधी लेव्हल कर, मग गाडी सोडव.'' मी मान डोलावली. त्या वाक्यातला सगळा जीव 'आधी' आणि 'मग' या दोन शब्दांत आहे हे मला तेव्हा कळलं नाही.

ज्यांनी ट्रेलरमध्ये कधी रात्र काढली नाही त्यांना वाटेल, जमीन जरा तिरकी असली तर काय बिघडतं? तंबूत झोपलेल्याला खरंच फारसं बिघडत नाही. ट्रेलरचं तसं नाही. आमचा बुटका फ्रिज गॅसवर चालतो. त्यात कॉम्प्रेसर नाही, पंप नाही, हलणारा एकही भाग नाही. नळ्यांमधून अमोनिया आणि पाणी निव्वळ गुरुत्वाकर्षणाच्या जोरावर उतारावरून वाहत राहतं. ट्रेलर तिरका झाला की ते नळ्यांच्या वळणांत तुंबतं, तापतं, आणि फ्रिज कायमचा मरू शकतो. असे फ्रिज एका दिशेला जेमतेम तीन अंश आणि दुसऱ्या दिशेला सहा अंश कल सहन करतात. फ्रिजचं सोडा, डोकं पायांपेक्षा खाली राहिलं तर सकाळी कपाळ फुटायला आलेलं असतं. आणि शेगडीवर घावन घातलं तर पीठ सगळं एका कडेला जाऊन बसतं. हा शोध आईचा.

म्हणून मुक्कामाला पोचलं की पहिलं काम ट्रेलर समपातळीत आणायचं. गवंड्याकडे असते तशी छोटीशी पाणसळ मी ट्रेलरच्या पुढच्या कडेवर चिकटवून ठेवली आहे. बुडबुडा मधे आला की झालं.

आता बुडबुडा मधे आणायची माझी पद्धत सांगतो. ट्रेलरच्या चार कोपऱ्यांना चार दुमडते पाय असतात. मुक्कामी पोचल्यावर ते खाली सोडून जमिनीला टेकवायचे, म्हणजे आत कुणी कूस बदलली तरी ट्रेलर डुलत नाही. पाय हँडलनं फिरवून खाली येतात, पण आळशी लोक ड्रिलला सॉकेट लावून फिरवतात. मी ड्रिलवाला. माझ्या लक्षात आलं की पाय जमिनीला टेकल्यावरही ड्रिल चालूच ठेवलं तर तो कोपरा वर उचलला जातो. चाकही उचललं जातं. मग चाकाखाली प्लास्टिकचे पिवळे गुटके सरकवायचे, लेगोसारखे एकात एक बसणारे, आणि पाय परत खाली घ्यायचा. गाडी पुढे-मागे करत बसायला नको. तीन मुक्कामांना हे जमलं. तिन्ही जागा जवळजवळ सपाट होत्या, इंचभर उचलायचं होतं. पण तीनदा जमलं म्हणजे पद्धत बरोबर, असाच माणसाचा समज होतो. निदान माझा झाला.

प्रत्येक पायावर १,००० पौंड असा शिक्का होता. तो मी वाचला होता बरं का. आणि हिशेबही केला होता : ३,००० भागिले चार, ७५०. हजाराच्या आत.

*

त्या वर्षी ऑगस्टमध्ये आई आणि अण्णा आले. अण्णा तेव्हा ७१ वर्षांचे. सांगलीकडच्या एका सहकारी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांनी ३१ हंगाम काढले. हे समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून थोडं सांगतो. ऊस भरलेली टायरगाडी किंवा ट्रॅक्टर आधी काट्यावर येतो, भरलेल्याचं वजन लिहितात. मग ती गव्हाणीवर जाऊन रिकामी होते, परत काट्यावर येते, रिकाम्याचं वजन लिहितात. वजाबाकी केली की उरतो तो शेतकऱ्याचा ऊस. वर्षभराची मेहनत त्या एका वजाबाकीत. 'काटा मारणे' हा शब्दप्रयोग मराठीत उगाच आलेला नाही, आणि काट्यावरच्या माणसाकडे गाव कुठल्या नजरेनं बघतं हे मी शाळेत असल्यापासून बघत आलोय. अण्णांनी त्या नजरेला कधी उत्तर दिलं नाही. फक्त घरी आल्यावरही ते आकडे दोनदा वाचायचे. किराण्याची पावती, विजेचं बिल, माझं प्रगतिपुस्तक.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही ट्रेलर भरत होतो. आईनं वीस पौंड तांदूळ, तितकीच कणीक, दोन कुकर, लोखंडी तवा, पोळपाट-लाटणं आणि दगडी खलबत्ता आत नेला. बायकोनं खुर्च्या, टेबल, दोन बर्फाच्या पेट्या. लेकीच्या आणि माझ्या सायकली मागच्या बंपरवरच्या रॅकला. मी घरामागची ओंडक्यांची रास उचलून आत कोंबली, आणि पाण्याची टाकी पाइप लावून काठोकाठ भरली. डोंगरात नळ असेल-नसेल.

अण्णा खुर्ची टाकून बघत होते. म्हणाले, ''भरती किती झाली रे?''

''काय अण्णा?''

''किती भरलं? वजन.''

''होतंय की सगळं. गाडी साडेतीन हजार ओढते.''

''गाडी किती ओढती ते न्हाई विचारलं.''

मी हसलो. गंमत बघा, हेच आई-अण्णा भारतातून निघताना आम्ही व्हिडिओ कॉलवर तासभर २३ किलोच्या चार बॅगांचा हिशेब केला होता. लोणच्याची बरणी या बॅगेतून त्या बॅगेत, चिवडा अर्धा काढ, परत काट्यावर चढव. अर्धा किलो जास्त झालं तरी विमानतळावर पैसे मागतील म्हणून. ट्रेलरचे पैसे कुणी मागत नाही. माझ्यासारख्या हौशी ट्रेलरवाल्यांना वजनकाट्यावर कुणी थांबवत नाही. मग कोण मोजतो?

*

फोर्ट कॉलिन्सहून हायवे १४ पश्चिमेला नदीच्या काठाकाठानं चढत जातो, थेट १०,२७६ फुटांवरच्या कॅमेरॉन पासपर्यंत. नदीचं नाव कॅश ला पूडर. फ्रेंच नाव आहे, अर्थ 'दारू लपव', म्हणजे बंदुकीची दारू. असं सांगतात की पूर्वी फ्रेंच व्यापाऱ्यांचा एक तांडा इथं हिमवादळात सापडला, आणि गाड्यांचं ओझं हलकं करायला त्यांनी दारूची पिंपं नदीकाठी पुरून ठेवली. अण्णांना मी ही गोष्ट गाडी चालवताना सांगितली. ते म्हणाले, ''शहाणी माणसं.''

घाटात ट्रेलर जड लागत होता. एक्सलरेटर खाली दाबला तरी गाडी ओढत नव्हती, इंजिनाचा आवाज नुसता चढत होता. उंचीमुळे असेल, असं मी म्हणालो.

नऊ हजार फुटांच्या आसपास आमची जागा होती, पाइनच्या झाडांत. पोचायला पाच वाजले. ढग भरून आलेले. जागा उजवीकडे उतरती होती, पाणसळीचा बुडबुडा पार डाव्या टोकाला. तीन-साडेतीन इंच तरी उचलायला लागणार होतं. शिवाय जागा थोडी मागेही उतरत होती, पण तिकडे माझं लक्षच नव्हतं. पाऊस यायच्या आत सगळं उरकायचं म्हणून मी आधी गाडी सोडवली. उजव्या चाकाला, म्हणजे खालच्या बाजूच्या, पुढून-मागून पाचरी लावल्या. पाचरींची दुसरी जोडी सामानाच्या तळाशी कुठंतरी होती. राहू दे म्हटलं.

मग मागच्या उजव्या पायाला ड्रिल लावलं.

पाय टेकला आणि ड्रिल अडखळायला लागलं. दर दोन सेकंदांनी गुरगुरून थांबायचं, मी परत दाबायचो. अण्णा जवळ येऊन उभे राहिले होते. ''अरे, ते कण्हतंय,'' ते म्हणाले.

''होतं तसं.''

चाक जमिनीवरून सुटलं. इंच, दोन इंच, तीन. मला गुटके घ्यायला वाकायचं होतं, पण ड्रिल सोडवत नव्हतं. अण्णा म्हणाले, ''थांब, मी सरकवतो.'' आणि गुडघ्यावर बसले. मी नको म्हणालो नाही. हे वाक्य मी बऱ्याच वेळा वेगवेगळ्या तऱ्हेनं लिहून बघितलं. ते असंच आहे. मी नको म्हणालो नाही.

एक गुटका त्यांनी चाकाखाली सरकवला. दुसरा त्यांच्या गुडघ्यापाशी पडला होता, तो घ्यायला त्यांनी हात मागे घेतला. तेवढ्यात ट्रेलर मागे सरकला. फार नाही, चार बोटं. पण पाय त्याबरोबर तिरका झाला आणि कागदाच्या घडीसारखा दुमडला. चाक गुटक्याच्या कडेवर आदळलं. गुटका फुटला त्याचा आवाज बंदुकीसारखा होता. आत फडताळातली भांडी खाली आली. आई तंबूच्या खुर्च्या मांडत होती, ती ओरडली, ''काय झालं?''

अण्णा मागे बसले होते, दोन्ही तळवे मातीत टेकून. डाव्या अंगठ्याची साल गेली होती, बाकी काही नाही. त्यांनी आईकडे न बघता सांगितलं, ''काही न्हाई. पाय घसरला माझा.''

*

आता कारणं. ती मला त्या रात्री कळली नाहीत, नंतर कागदावर मांडल्यावर कळली. पण इथंच सांगतो, कारण माझ्यासारखे ड्रिलवाले आणखी असतील.

पहिलं कारण इतकं साधं आहे की लाज वाटते. पाचरी मी ज्या चाकाला लावल्या होत्या, तेच चाक मी हवेत उचललं. हवेतल्या चाकाला लावलेली पाचर कुणाला अडवणार? डावं चाक जमिनीवर होतं, मोकळं होतं, आणि जागा मागे उतरत होती. गाडी आधीच सोडवलेली. म्हणजे तो ट्रेलर त्या क्षणी कशालाच बांधलेला नव्हता. म्हाताऱ्याचं 'आधी' आणि 'मग' ते हेच.

दुसरं कारण माझा ७५० चा भागाकार. चार पाय आहेत म्हणून वजन चौघांत सारखं वाटलं जाईल असं मी धरलं होतं. वजन असं पंगतीत वाढल्यासारखं सारखं वाटलं जात नाही. मी एकच पाय उचलत होतो, बाकीचे तीन अजून दुमडलेलेच होते. एक कोपरा उचलून चाक हवेत गेलं की ट्रेलर तीनच ठिकाणी टेकलेला असतो : पुढचा जॅक, पलीकडचं चाक, आणि तो एक पाय. आमच्या ट्रेलरची लांबी-रुंदी घालून मी हिशेब केला, त्या पायावर १,१०० पौंडांच्या वर वजन येत होतं. शिक्का हजाराचा. आणि तो हजारही पाय सरळ उभा असताना, वजन नुसतं तोलून धरायला. हे पाय उचलण्यासाठी बनवलेलेच नसतात, ट्रेलर डुलू नये म्हणून असतात. आधी चाकांवर ट्रेलर लेव्हल करायचा, मग पाय जमिनीला टेकवून वर थोडासा पीळ द्यायचा. एवढंच त्यांचं काम. उचलायचं काम चाकाचं आणि पुढच्या जॅकचं.

त्या संध्याकाळी हे सगळं आम्हाला शेजारच्या जागेवरच्या एका बाईंनी करून दाखवलं. साठीच्या असाव्यात, एकट्या, मोठा ट्रक घेऊन आलेल्या. आवाज ऐकून आल्या, अण्णांचा अंगठा बघितला, दुमडलेला पाय बघितला, आणि फक्त म्हणाल्या, ''गाडी परत जोड.'' मग त्यांच्या ट्रकमधून दोन लाकडी फळ्या आणल्या, एकीची कड रंध्यानं तासून उतरती केलेली. उजव्या चाकामागे ठेवल्या. मला म्हणाल्या, मागे घे, हळू. चाक फळीवर चढलं. टायर पूर्ण रुंदीनं फळीवर बसलाय ना, कडेला लोंबत नाही ना, हे त्यांनी वाकून बघितलं. दोन्ही चाकांना पाचरी. मग गाडी सोडवली, पुढचा जॅक फिरवून पुढची बाजू जुळवली. राहिलेले तीन पाय हातानं टेकवले. वीस मिनिटं. ट्रेलरला कुणी स्पर्शही केला नाही, सगळं वजन सगळा वेळ चाकांवरच होतं.

रात्री पाऊस पडत राहिला. सगळ्यात जवळचं मोठं हॉस्पिटल खाली फोर्ट कॉलिन्सला, घाटातून दीड-दोन तास. फोनला रेंज नाही. अण्णांच्या प्रवासी विम्याची कागदपत्रं घरी. मी जागाच होतो. पलीकडच्या पलंगावर अण्णाही जागे होते हे श्वासावरून कळत होतं. बऱ्याच वेळानं ते हळूच म्हणाले, ''तुझ्या आज्जाची गाडी उलाळली होती एकदा.''

उलाळ हा शब्द मी लहानपणी ऐकला होता, विसरलो होतो. बैलगाडीत मागच्या बाजूला जास्त भरती झाली की गाडी उलाळ होते, पुढची बाजू वर उचलली जाते. जू वर जातं आणि जोत्याचा फास बैलांच्या गळ्याला बसतो. याच्या उलट पुढे जास्त भरलं तर गाडी धुरजड, सगळा भार बैलांच्या खांद्यावर. चांगला गाडीवान भरतानाच धुरा हातानं उचलून बघतो. अण्णा आठ-नऊ वर्षांचे असताना ओढ्याच्या चढाला आज्जांची गाडी उलाळली. एक बैल गेला. त्या सालचा ऊस शेजाऱ्याच्या गाडीनं न्यावा लागला.

''भरताना आबा म्हणाले होते, बघ की रे धुरा उचलून,'' अण्णा अंधारात म्हणाले. ''मी खेळत होतो.''

आई मधल्या पलंगावर झोपली होती. सकाळी तिनं अण्णांच्या अंगठ्याला हळद लावताना मला विचारलं, ''पाय घसरला तर अंगठा कसा सोलतो रे?'' उत्तराची वाट न बघता ती चहा ठेवायला गेली.

*

घरी परतल्यावर मला वाटलं होतं आता ट्रेलर काही दिवस झाकून ठेवावा. अण्णांनी दुसऱ्याच दिवशी एक वही मागितली. म्हणाले, ''जसंच्या तसं भर.''

''काय?''

''सगळं. होतं तसं. पाणीबी.''

पुढच्या शनिवारी आम्ही तांदूळ, कणीक, ओंडके, सायकली, खुर्च्या, बर्फाच्या पेट्यांत तितकाच बर्फ, टाकीत काठोकाठ पाणी असं सगळं परत भरलं. शेजारच्यानं विचारलं, कुठं निघालात? लेक म्हणाली, कुठं नाही, आजोबांना वजन करायचंय.

इंटरस्टेटवरच्या ट्रक स्टॉपवर मोठा काटा असतो. एकापुढे एक तीन वेगळे तक्ते, ट्रकच्या प्रत्येक आसाचं वजन वेगळं यावं म्हणून. मागेपुढे अठरा चाकी ट्रक, मधे आमचा चौदा फुटी ट्रेलर. अण्णा खाली उतरले आणि चाकं कुठल्या तक्त्यावर आलीत ते वाकून बघत मला हातानं खुणा करू लागले. थोडं पुढे. बस. मागे नको. एक ट्रकवाला काच खाली करून बघत होता. अण्णांची खुणा करायची पद्धत मी ओळखत होतो. लहानपणी कारखान्यावर डबा घेऊन जायचो तेव्हा ते ट्रॅक्टरवाल्यांना अशाच खुणा करायचे, पालथ्या हातानं, दोन बोटं उचलून.

तिकीट आलं. ट्रेलरच्या चाकांवर २,८२० पौंड.

पण हे पूर्ण वजन नव्हे. ट्रेलरचं काही वजन पुढच्या टोकावाटे गाडीच्या हुकवर असतं. इंग्रजीत त्या टोकाला जीभ म्हणतात. तिच्यावर एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार असावा लागतो. कमी असला तर ट्रेलर वेगात शेपटी हलवायला लागतो आणि गाडीला घेऊन पलटी होऊ शकतो. जास्त असला तर गाडीचं मागचं अंग दबतं, पुढची चाकं हलकी होतात, वळणावर स्टिअरिंग ऐकत नाही. मी हे इंटरनेटवरून वाचून दाखवत होतो. अण्णा म्हणाले, ''उलाळ आणि धुरजड. पुढं सांग.''

जिभेचं वजन आम्ही घरी बाथरूमच्या काट्यावर केलं. तोच, ज्यावर बॅगा मोजतो. काटा ३०० पौंडांपर्यंतच, म्हणून सरळ वजन टाकायचं नाही. एक जाड लाकडी दांडा घ्यायचा, एक टोक विटांवर, दुसरं काट्यावर, मधलं अंतर तीन फूट. ट्रेलरची जीभ विटांपासून एक फुटावर टेकवायची. काट्यावर एक तृतीयांश वजन येतं, त्याला तिनानं गुणायचं. दांड्याचं स्वतःचं वजन आधी वजा करायचं. काटा म्हणाला १०७. तीनशे एकवीस.

अण्णांनी वहीत बेरीज केली, खाली दोन रेघा ओढल्या. ३,१४१. मर्यादेपेक्षा १४१ पौंड जास्त.

''किलोत किती?''

मी फोनवर केलं. ''चौसष्ट.''

अण्णा काट्याकडे बघत होते. मग चपला काढून त्यावर चढले. काटा डुलला आणि १४१ वर थांबला. लेकीला हे इतकं आवडलं की तिनं आईला आतून हाक मारून बोलावलं. एक अख्खे आजोबा जास्त भरले होते!

मला हसू आलं नाही. मी टायरच्या कडेवर छापलेली बारीक अक्षरं वाचत होतो. प्रत्येक टायरला जास्तीत जास्त १,३६० पौंड, तेही हवा ५० असताना. दोघांचे मिळून २,७२०. आमचे २,८२०. म्हणजे घाटात सगळा वेळ दोन्ही टायर त्यांच्या मर्यादेच्या वर होते, आणि त्यातल्या एकावरचे १,४१० पौंड, ६४० किलो, त्या संध्याकाळी अण्णांचा हात जिथं होता तिथं खाली आले होते.

*

काय काढायचं यावर रविवार गेला. घरात निवडणूक असल्यासारखं वातावरण. ओंडके लगेच गेले, डोंगरात विकत मिळतात. एक बर्फाची पेटी गेली. पाण्याची टाकी भरून न्यायची नाही, पाच गॅलन फक्त, बाकी तिथं भरायचं. त्या एका गोष्टीनं १२४ पौंड गेले आणि मला स्टिकरवरची ती बारीक ओळ आठवली. खलबत्त्यावर मात्र आई अडून बसली. अण्णांनी तो मोजला. अकरा पौंड. वहीत लिहिला, आणि नाव न घेता पुढं गेले. ४६ वर्षांच्या संसारात कुठं काटा लावायचा नाही हे त्यांना कळतं.

सायकलींचा प्रश्न वेगळा होता. मी म्हणालो, त्या काढू, बऱ्याच जड आहेत. अण्णा म्हणाले, ''त्या शेपटाला आहेत. काढल्यास तर धुरजड होईल. तुझ्या हुकवर किती चालतं?'' हुकवर ३५०. म्हणून आधी पुढच्या फडताळातली अवजारांची पेटी गाडीत घेतली, सायकली मागेच ठेवल्या, आणि परत मोजलं. चाकांवर २,५८७, जिभेवर ३३०. एकूण २,९१७. ८३ पौंड हाताशी. दुमडलेल्या पायाच्या जागी नवा पाय बसवला, पाचरींच्या दोन्ही जोड्या दाराजवळ, सगळ्यात वर.

सप्टेंबरच्या शेवटी, ॲस्पेनची पानं पिवळी झाल्यावर, परत त्याच घाटानं गेलो. या वेळी जागा डावीकडे उतरती होती. फळ्या मी स्वतः तासून घेतल्या होत्या. अण्णा समोर उभं राहून पालथ्या हातानं खुणा करत होते, ट्रेलरपासून चांगले दहा फूट लांब. मी तेवढं अंतर आधीच ठरवून घेतलं होतं आणि तिथं त्यांच्यासाठी खुर्ची मांडली होती. ते बसले नाहीत. बुडबुडा मधे आला तरी आईला तो पटेना. तिनं शेगडीवर पाणी भरलेली वाटी ठेवली, वाकून कडेनं बघितलं, आणि मग घावनाचं पीठ भिजवलं.

अण्णा नोव्हेंबरमध्ये परत गेले. वही इथंच ठेवली. त्यानंतर मी दर वेळी निघण्याआधी ट्रक स्टॉपवर जातो. मागच्या महिन्यात तिकिटाचा फोटो त्यांना व्हॉट्सॲपवर पाठवला. तिकडे रात्रीचे अकरा वाजले असतील. दोन निळ्या खुणा आल्या, आणि मिनिटभरानं उत्तर : 'धुरेवर किती?'

तेवढं मी मोजलं नव्हतं. गाडी बाजूला घेतली, दांडा काढला, विटा काढल्या. बाथरूमचा काटा आता ट्रेलरमध्येच असतो. वजन चार पौंड, वहीत नोंद आहे.